स्पिती, दोघं आणि एक गाडी: कपड्यांच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला. विसर्जन झालं की मोटरसायकलने हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात जायला निघायचं, हे आज पक्कं झालं. गाडी ट्रकने चंदीगडला पाठवायची, आपण रेल्वेने दिल्लीमार्गे जायचं आणि तिथून नारकंडा, कल्पा, नाको, टाबो, काझा, कुंझुमची खिंड, मनाली. गाडी म्हणजे हिमालयन ४११ मोटरसायकल. गाडीची तब्येत नवऱ्याकडे आणि सामान माझ्याकडे, ही वाटणी आमच्यात पहिल्यापासून आहे. मागे बसणाऱ्या माणसाच्या पाठीलाच टेल बॅग टेकलेली असते, त्यामुळे तिच्यात काय जातं हे त्यानेच ठरवावं.

जागा मोजून घेतली. दोन बाजूंना प्रत्येकी २० लिटरच्या सॅडल बॅगा, मागच्या रॅकवर ४० लिटरची टेल बॅग, पुढे छोटी टँक बॅग. एक सॅडल बॅग हत्यारं, पंक्चर किट, चेन ल्यूब, औषधं आणि खाऊ यांतच भरेल. म्हणजे दोघांच्या कपड्यांना मिळून ६० लिटर. एकट्याच्या मोठ्या ट्रेकिंग सॅकइतकी जागा. याहून मोठी बॅग घेऊ, असं दुकानात गेलं की वाटतंच, पण टेल बॅग मागच्या चाकाच्याही मागे लटकायला लागली की पुढचं चाक हलकं होतं आणि कच्च्या चढावर हँडल ऐकत नाही. जागा आहे तेवढीच.

मग तापमानाचं गणित. चंदीगड समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्या आसपास, कुंझुम साडेचार हजारांच्या वर. हजार मीटर चढलं की हवा ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरते. चंदीगडला दुपारी ३३ असेल तर त्याच हिशेबाने कुंझुमला ५-६. शिवाय वारा. हवा ५ अंश असताना गाडी ४० च्या वेगाने चालली, तरी उघड्या कातडीला ती शून्याखालची लागते. एकाच प्रवासात घामाच्या धारा आणि गोठलेली बोटं, दोन्हींची सोय करायची आहे.

८ ऑगस्ट, गुरुवार

रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी आपापल्या मनातले सगळे कपडे पलंगावर आणून टाकले. चादर दिसेना. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला आणि एकेक वस्तू वजन करत गेलो.

माझी जीन्स साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे, त्याची सातशेच्या पुढे. साधा सुती टीशर्ट १८० च्या आसपास, धावायला वापरतो तो पॉलिएस्टरचा १३०. फ्लीस, म्हणजे मऊ लवीचं सिंथेटिक जॅकेट, तीनशेच्या आतबाहेर. माझं पिसं भरलेलं डाउन जॅकेट साडेतीनशेच्या आत, आणि दाबलं तर पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीहून थोडं मोठं. त्याचा जुना जाड स्वेटर, लग्नाआधी त्याच्या आईने विणलेला, एकटा आठशेच्या वर.

जीन्स दोन्ही बाद. यावर चर्चाही झाली नाही. जड, ओली झाली की दोन दिवस वाळत नाही आणि थंडीत अंगाला चिकटून बसते. स्वेटरवर मात्र तो अडला. "अगं, त्याच्याइतकी ऊब कशातच नाही." खरं आहे, पण जागेच्या मानाने नाही. एका स्वेटरच्या जागेत एक फ्लीस आणि एक डाउन जॅकेट, दोन्ही बसतात, हे त्याला बॅगेत भरूनच दाखवलं. मग त्याने स्वतःच तो घडी घालून कपाटात ठेवला.

११ ऑगस्ट, रविवार

आज मुख्य निर्णय झाला, तो नीट लिहून ठेवते.

आजवर आमच्या प्रवासात एक बॅग त्याची आणि एक माझी असायची. वाटेत पाऊस आला की दोन्ही उघडायच्या, मुक्कामाला पोचलो की दोन्ही उपसायच्या. त्यात प्रत्येकाचा 'असू दे एक जादा' वेगळा. या वेळी बॅगा माणसांप्रमाणे वाटायच्या नाहीत, कपडा कधी लागणार त्याप्रमाणे वाटायच्या.

टँक बॅगेत गाडीवरून न उतरता लागणारं: बफ (गळ्यावर-तोंडावर ओढायची कापडी नळी), पातळ हातमोजे, गॉगल, लिप बाम. टेल बॅगेच्या तोंडाशी गाडी थांबवून दोन मिनिटांत लागणारं: दोघांचे रेनसूट, जाड हातमोजे, जॅकेटची लायनर (आत लावायची ऊबदार अस्तरं). तिच्याच तळाशी जादाचे आणि धुवायचे कपडे. आणि उरलेल्या सॅडल बॅगेत फक्त रात्र: दोघांचे झोपायचे कपडे, डाउन जॅकेटं, टॉवेल, दात घासायचं सामान. एका रात्रीच्या मुक्कामाला ती एकच बॅग खोलीत उघडायची. टेल बॅग आत आणली तरी तिची चेन उघडायची नाही.

दुसरं, जादाचे कपडे. प्रत्येक वस्तू दोघांसाठी एकेक जादा घेतली की बॅग तिथेच संपते. एक जादा वस्तू दोघांत चालेल का, हे ठरवायला एक सोपी कसोटी सापडली: ती वस्तू दोघांचीही एकाच वेळी निकामी होऊ शकते का? पायमोजे होऊ शकतात. एकाच नाल्यात दोघांचे बूट भिजतात. थर्मलचंही तेच, पाऊस दोघांवर सारखाच पडतो. तिथे वाटणी चालत नाही, प्रत्येकाला स्वतंत्र जादा जोड हवाच. पण हातमोजा हरवतो तो एकाचा. चहा सांडतो एकाच्या फ्लीसवर. बफ मळतो एकेकाचा. म्हणून जादा फ्लीस एकच, त्याच्या मापाची, म्हणजे मलाही वरून घालता येते. जादा जाड हातमोजे एकच जोड, जादा कानटोपी एकच. टेल बॅगेचा जवळजवळ चौथा हिस्सा एवढ्यानेच मोकळा झाला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी, आणि दिवसभर पुण्याचा पाऊस. वाळवण्याची चाचणी घ्यायला याहून चांगला दिवस नाही. इथे बंद गॅलरीत जे रात्रभरात वाळेल, ते स्पितीच्या कोरड्या हवेत वाळणारच.

सुती टीशर्ट, पॉलिएस्टरचा टीशर्ट, मेरिनो लोकरीचा पातळ टीशर्ट आणि तीन तऱ्हांचे पायमोजे एकदमच धुतले. पिळण्याची जी पद्धत मुक्कामात वापरणार तीच वापरली: कोरडा टॉवेल पसरायचा, त्यावर ओला कपडा, दोन्हींची गुंडाळी करायची आणि दोन टोकं दोघांनी धरून उलटसुलट पिळायची. हे काम दोघं असतील तरच नीट होतं. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि कपडा जवळजवळ दमट अवस्थेतच दोरीवर जातो.

सकाळी पॉलिएस्टर पूर्ण कोरडा, मेरिनो शिवणीपाशी किंचित गार, सुती अजून ओला. पण वाळण्यापलीकडेही एक बाब आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण १६ टक्के ओलावा आत घेते, कापूस ८ टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळतो, पण घाम कातडीवरच राहतो आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो. लोकर घामाची वाफ धाग्यात घेते, त्यामुळे ओली असूनही बोचत नाही आणि चार दिवस वापरली तरी वास मारत नाही. मेरिनो महाग आहे, दोघांचं सगळंच त्यात घेणं परवडणारं नाही. कातडीला लागतं तेवढंच मेरिनो घेऊ: प्रत्येकी दोन टीशर्ट आणि पायमोजे. खालची थर्मल पँट साधी पॉलिएस्टरची चालेल.

१८ ऑगस्ट, रविवार

सगळं भरून ताम्हिणी. पौड ओलांडलं तोवर रिमझिम होती, मुळशीचं धरण मागे टाकल्यावर समोरचं दिसेना. गर्दी टाळायला पहाटे निघालो होतो, ते बरं झालं.

घरी येऊन बॅगा तपासल्या. सॅडल बॅगेचं पावसाळी कव्हर मागच्या बाजूने उचललं जातं आणि चाकाने उडवलेलं पाणी खालून आत येतं. आत बसवलेल्या तोंड गुंडाळून बंद करायच्या ड्राय बॅगा मात्र ठणठणीत कोरड्या. तेव्हा बाहेरचं कव्हर चिखलासाठी आणि आतली ड्राय बॅग पाण्यासाठी. त्यांचे रंगही ठरवले: पिवळी रात्रीची, निळी जादाची, काळी धुवायच्या कपड्यांची. घाटात अंधारात डोकं चालत नाही, रंग ओळखता येतो.

रेनसूटबद्दल आमचं मत पक्कं झालं. जॅकेटच्या आत बसणारं वॉटरप्रूफ लायनर नको, वरून घालायचा सूटच हवा. लायनर घालायला भर पावसात जॅकेट काढावं लागतं, आणि बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं ते वेगळंच. वरच्या सूटचा आणखी मोठा उपयोग म्हणजे वारा. उन्हाळी जाळीच्या जॅकेटवर तो चढवला की थंडीतही वारा आत शिरत नाही. म्हणजे वेगळं विंडचीटर घ्यायचं कारण उरत नाही, आणखी दोन कपडे वजा.

उजव्या बाजूला सायलेन्सर आहे. तिकडच्या सॅडल बॅगेचा तळ गरम लागत होता. तिच्यात हत्यारं ठेवू, आणि खाली पत्र्याची पट्टी बसवून घेऊ. कपडे डाव्या बाजूला.

२५ ऑगस्ट, रविवार

आज फक्त मागे बसणाऱ्या माणसाचा विचार. पॅकिंगवर जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक चालवणाऱ्याने लिहिलेलं असतं, म्हणून ही नोंद मोठी होणार.

चालवणाऱ्याचं अंग सतत हलत असतं. क्लच, ब्रेक, कच्च्या रस्त्यावर उभं राहून चालवणं, यातून त्याला ऊब मिळते. माझ्या छातीला वारा लागत नाही, कारण समोर त्याची पाठ आहे. पण गुडघे आणि कोपरं बाहेर असतात आणि तासन्‌तास हालचाल नसते. तो घामेजलेला असताना मी कुडकुडत असते. म्हणून दोघांना सारखे थर लावायचे नाहीत. मला मांडीपासून पोटरीपर्यंत एक थर जास्त, त्याला हातांना जास्त. माझे हात थंडीत त्याच्या जॅकेटच्या खिशात जातात, त्याचे मात्र दिवसभर वाऱ्यातच.

डाउन जॅकेट रायडिंग जॅकेटच्या आत घालायचं नाही. पिसांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि घट्ट जॅकेटखाली ती हवाच दाबली जाते. आत फ्लीस, आणि डाउन फक्त थांबल्यावर.

लघवीची सोय. नारकंड्याच्या पुढे बायकांना आडोसा मिळणं नशिबाचं, आणि काझाच्या आसपास तर झाडच नाही. रायडिंग पँट, लायनर, थर्मल, हे सगळं उतरवायचं तर दहा मिनिटं आणि चिखलात बूट. मी आता पूर्ण लांबीची बाजूची चेन असलेली, वरून घालायची रायडिंग पँट घेतली आहे, आत फक्त थर्मल लेगिंग. वरून गुडघ्यापर्यंतचा सैल, पातळ कुर्ता. खाली बसलं की त्याचाच आडोसा होतो. सोबत एक मोठी सुती ओढणी. सुती कपड्याला मी एवढी एकच सूट दिली. ती पडदा होते, गळ्याभोवती जाते, होमस्टेमध्ये उशीचा अभ्रा होते आणि मठात शिरताना खांद्यावर येते.

पाळीची तारीख नेमकी प्रवासात येते आहे. मेन्स्ट्रुअल कप रोजच्या सवयीचा आहे, पण जिथे नळ गोठतो तिथे गरम पाण्याच्या भरवशावर राहावं लागेल. म्हणून कप, थोडे पॅड आणि वापरलेले परत आणायला झिपच्या जाड पिशव्या. तिथल्या गावांत कचऱ्याची सोय तोकडी असते, तो त्यांच्या माथी मारायचा नाही. ही पिशवी टेल बॅगेत नाही, माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात.

११ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी आल्या, आज पूजन. घरभर माणसं. सासूबाईंनी पलंगाखालच्या बॅगा बघितल्या आणि विचारलं, "एवढ्यात दोघांचं? आणि गोधडी?" होमस्टेमध्ये जाडजूड रजया असतात हे सांगितल्यावर त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. तरी कानटोपी त्यांनी स्वतः काढून दिली. तीच जादाची कानटोपी म्हणून निळ्या पिशवीत गेली.

१५ सप्टेंबर, रविवार

शेवटची भरणी. गाडी गेल्याच आठवड्यात ट्रकवर चढली.

सगळ्यात महत्त्वाचं आज उमगलं ते हे: बॅग किती मोठी लागेल ते सगळ्यात उकाड्याच्या दिवशी ठरतं. कुंझुमला सगळं अंगावर असेल, बॅगा रिकाम्या. चंदीगडला लायनर, फ्लीस, थर्मल, जाड हातमोजे, सगळं बॅगेत. म्हणून चाचणीला आम्ही पंखा बंद करून, फक्त टीशर्ट आणि जाळीचं जॅकेट घालून उभे राहिलो आणि बाकीचं सगळं आत बसतं का ते पाहिलं. बसलं, वर बोटभर जागा उरली. ती मुद्दाम ठेवली. थकल्यावर कपडे घरच्यासारखे घट्ट भरले जात नाहीत.

टीशर्ट आणि थर्मलच्या गुंडाळ्या, सॅडल बॅगेच्या रुंदीच्या. फ्लीस आणि डाउन दाबायच्या पिशवीत, कारण दाबून फायदा फक्त फुगीर कपड्यांचाच होतो. पायमोजे मुक्कामात घालायच्या चपलांच्या आत. अंतर्वस्त्रं आपापल्या टीशर्टच्या गुंडाळीतच, म्हणजे सकाळी एक गुंडाळी उचलली की पूर्ण जोड हातात. दोघांचे मिळून सुटे कपडे साडेसहा किलोच्या आत.

२१ सप्टेंबर, शनिवार, नारकंडा

चंदीगडहून सकाळी निघालो तेव्हा पाठ भिजली होती. शिमल्याच्या वर बॅगेतून फ्लीस निघाली, नारकंड्याला लायनर. नारकंडा २,७०० मीटर. टेल बॅगेचं तोंड उघडून दोघांचे थर काढायला चहा येईपर्यंतचाच वेळ लागला. वाटेत सगळीकडे सफरचंदांचे ट्रक.

२५ सप्टेंबर, बुधवार, टाबो

खाबला सतलज आणि स्पितीचा संगम ओलांडला आणि डोंगर उघडे झाले. हा पर्जन्यछायेचा प्रदेश, आणि ते दोरीवर लगेच कळतं: दुपारी धुतलेले मेरिनोचे पायमोजे गच्चीवर ऊन जाण्याआधी वाळले. पिवळी ड्राय बॅग अजून नवी असल्यासारखी कोरडी आहे, कारण रात्रीच्या कपड्यांत कोणीही गाडीवर बसलेलं नाही. हा नियम आम्ही दोघांनीही पाळला आहे. अंगभर धूळ घेऊन आल्यावर तो स्वच्छ, कोरडा जोड चढवणं हे दिवसाचं सगळ्यात मोठं सुख.

मठ इ. स. ९९६ चा. आत मातीच्या भिंतींवरची चित्रं बघताना ओढणी खांद्यावर होती.

धूळ मात्र ड्राय बॅगेच्या गुंडाळलेल्या तोंडातूनही आत जाते, पिठासारखी. उघडण्याआधी ओल्या फडक्याने तोंड पुसायला हवं.

२८ सप्टेंबर, शनिवार, काझा ते मनाली

होमस्टेमधल्या तंदूरभोवती रात्री सगळ्यांचे मोजे होते. लोखंडाची ती शेगडी खोलीच्या मध्यावर असते आणि तिच्यापाशी कपडे वाळवताना हातभर अंतर ठेवावं लागतं, सिंथेटिक कपडा क्षणात आक्रसतो. मालकीणबाईंनी लोकरी मोजे जवळ आणि आमची पॉलिएस्टरची लेगिंग लांब, अशी स्वतःच मांडणी करून दिली.

अंधारात निघालो. बाताल ते ग्राम्फूच्या रस्त्यावरून जे नाले वाहतात, त्यांना दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं, त्यामुळे ते सकाळीच ओलांडलेले बरे. लोसारला दोघांच्याही अंगावर असेल नसेल ते सगळं होतं: मेरिनो, फ्लीस, लायनर, जॅकेट, वरून रेनसूट. टेल बॅग इतकी रिकामी की ती बांधायची रबरी दोरी पुन्हा आवळावी लागली. कुंझुमला देवीच्या मंदिराला गाडीने प्रदक्षिणा घातली, उतरून डाउन चढवलं, चहा प्यायलो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, पण अंगात थंडी नव्हती.

एका नाल्यात त्याला पाय टेकवावे लागले, दोन्ही बूट भरले. मी आधीच उतरून दगडांवरून गेले होते, तरी माझाही एक भिजला. पायमोजे दोघांचेही बदलले, बुटात आधी किराणा दुकानातल्या जाड पिशव्या घातल्या आणि त्यात पाय. प्रत्येकाला स्वतंत्र जादा जोड होता, तो इथे कामी आला.

ग्राम्फूनंतर डांबरी रस्ता, मग ९ किलोमीटरचा अटल बोगदा. पलीकडे झाडं, ओल, ऊब. मनालीला पोचेपर्यंत टेल बॅग पुन्हा गच्च.

६ ऑक्टोबर, रविवार, पुणे

घटस्थापना झाली. गच्चीवर सगळं धुऊन वाळत घातलं आहे. काय वापरलं नाही ते बाजूला काढलं: दुसरी पातळ हातमोज्यांची जोडी, माझा तिसरा कुर्ता, त्याची शॉर्ट. जादा फ्लीस वापरली, दोघांनीही, वेगवेगळ्या दिवशी. सासूबाईंची टोपी बहुतेक रात्री माझ्याच डोक्यावर होती.

डाउन जॅकेट सौम्य साबणात धुतलं, गाठी बोटांनी फोडल्या. आता ते दाबायच्या पिशवीत नाही, कपाटात टांगून ठेवायचं, नाहीतर पिसं पुन्हा फुगत नाहीत. माझ्या रेनसूटच्या पँटची गुडघ्याजवळची शिवण उसवली आहे, ती टेपने आतून बंद करून घ्यायची. पुढच्या वेळी त्याच्या रायडिंग पँटलाही पूर्ण लांबीची चेन हवी, असं त्याचं म्हणणं आहे. नाल्यापाशी बूट न काढता ओली पँट बदलता आली असती. शिंप्याकडे विचारून ठेवते.